दोह्यातून ठाण्यातल्या आई-बाबांसाठी नवी गाडी घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त मुलगा दोह्यात, बायको-मुलांसह. आई-बाबा ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये, तिथे मेकॅनिकल पार्किंग आहे. बाबा सदुसष्ट वर्षांचे, अजून व्यवस्थित गाडी चालवतात. आईचे गुडघे दुखतात. बहीण ऐरोलीला, तिचा मुलगा चार वर्षांचा. जुनी गाडी काढून ऑन रोड, म्हणजे रोड टॅक्स-विम्यासकट, दहा लाखांच्या आत नवी घ्यायची आहे. रोजचा वापर म्हणजे भाजी, डॉक्टर, नौपाड्यातले नातेवाईक. वर्षातून एक-दोनदा चिपळूणजवळचं गाव. रिव्ह्यू बघून सनरूफवाली एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही जवळजवळ ठरली आहे. गाडी स्वतःच्या नावावर करायची आहे आणि दसऱ्यालाच दारात हवी आहे. हे सगळं बरोबर चाललंय का?

आई-बाबांसाठी गाडी घेताय, हे अगदी बरोबर. मात्र गाडीची निवड, कागदावरचं नाव आणि दसऱ्याचा हट्ट, या तिन्ही गोष्टी बदलाव्यात असं माझं मत आहे.

वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. त्याआधी बरीच वर्षं मी एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. मुलगा किंवा मुलगी बाहेरदेशी, आई-वडील इथे आणि गाडी तिकडून पसंत केलेली, अशी घरं घोडबंदरच्या पट्ट्यात भरपूर आहेत. त्यातल्या काही गाड्या दोन वर्षं झाली तरी जेमतेम धावलेल्या असतात. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच, बॅटरी उतरलेली, टायरवर धूळ. गाडीत काही खोट नसते. बाबांना ती पार्किंगमधून काढायचीच धास्ती वाटते, म्हणून ते रिक्षाने जातात. तेव्हा पैसे तुमचे असले तरी पसंती बाबांची आणि आईंची असू द्या. तुम्ही वर्षातले तीन आठवडे ती वापरणार, ते बाकीचे एकोणपन्नास.

सुरुवात शोरूमपासून करू नका, पार्किंगपासून करा. बाबांना मिळालेला पॅलेट, म्हणजे गाडी उभी करायचा हलता पत्रा, कुठल्या लेव्हलचा आहे ते आधी विचारा. सिस्टीमच्या खांबावर किंवा ऑपरेटरच्या पॅनेलजवळ एक पाटी असते. गाडीची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वजन तिच्यावर लिहिलेलं असतं. कित्येक ठिकाणी खालच्या किंवा मधल्या लेव्हलला १५५० मिलिमीटरच्या आसपासच उंची मिळते, म्हणजे सेडान आणि हॅचबॅकपुरती. उंच गाड्यांसाठी ठरावीक पॅलेट राखलेले असतात आणि ते मिळवायला सोसायटीत रांग असते. आता गाड्यांची उंची बघा: बलेनो आणि अमेझ १५००, डिझायर १५२५, फ्राँक्स १५५०, पंच १६१५, एक्स्टर १६३१, वॅगनआर १६७५. पाटीवर १५५० असेल तर शेवटच्या तीन गाड्यांचा विषयच संपला. फ्राँक्स काठावर येते, आणि काठावरची गाडी मी कुणाला घेऊ देत नाही. छतावरचा अँटेना सेन्सरच्या आड आला की सिस्टीम जागच्या जागी थांबते, मग सकाळी साडेआठला मागे दहा गाड्या खोळंबतात आणि सगळ्यांचं बोलणं बाबांना ऐकावं लागतं.

उंचीइतकाच रुंदीचाही विचार करा. पॅलेटच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची उभी कड असते आणि चाकं त्यांच्या मध्ये बसवावी लागतात. गाडी आत घातली की दार अर्धवटच उघडतं. बाबांना सीटवरून कूस वळवून, एक पाय कडेपलीकडे टाकत, दाराच्या फटीतून बाहेर यावं लागतं. हे दिवसातून एक-दोनदा, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. ब्रोशरमध्ये रुंदी आरसे सोडून दिलेली असते हेही लक्षात ठेवा. वॅगनआर १६२०, एक्स्टर १७१०, डिझायर १७३५, पंच १७४२, फ्राँक्स १७६५, नेक्सॉन १८०४, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ १८२१ मिलिमीटर. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जवळजवळ वीतभर फरक आहे. बहिणीला सांगा की बाबा जुनी गाडी लावून उतरतात तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढ. दार किती उघडतं, हात कुठे टेकवतात, उतरल्यावर कमरेवर हात जातो का, सगळं दिसेल. मग जुन्या गाडीची रुंदी कागदावर लिहा आणि शेजारी नवीची. नवी गाडी शंभर मिलिमीटरने रुंद असेल तर दोन्ही बाजूंची जागा पन्नास-पन्नासने कमी होणार. आरसे बटणाने मिटणारे हवेत, ही इथे चैन नाही.

मेकॅनिकल पार्किंगमध्ये बाकीच्यांना आधीच उतरावं लागतं, त्यामुळे आई लॉबीच्या दाराशी चढणार-उतरणार. त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे ती सीटची जमिनीपासूनची उंची. उंच गाडीत माणूस आडवा सरकून बसतो. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. शोरूममध्ये सगळ्याच गाड्या आरामशीर वाटतात, कारण तिथे फरशी सपाट असते, एसी चालू असतो, दार पूर्ण उघडलेलं असतं आणि कुणीतरी अदबीने ते धरून उभं असतं. आईंना पुढच्या सीटवर वीस मिनिटं बसवा, गप्पा मारा आणि मग कुणाचाही हात न धरता उठायला सांगा. बसताना काही कळत नाही, उठताना कळतं. मागच्या सीटवर हेच करा. छताला धरायचा दांडा मागेही आहे का बघा; काही गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटला तो नसतो.

गिअरबॉक्सबद्दल माझं मत पक्कं आहे: ऑटोमॅटिक घ्या. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत मेट्रो चारच्या कामामुळे रस्त्याची काय अवस्था झाली ते तुम्ही सुट्टीत पाहिलं असेलच. कापूरबावडी ते कासारवडवली हे अंतर संध्याकाळी क्लच दाबत-सोडत कापणं तरुण माणसालाही नको वाटतं. बाबा म्हणतील, मला आयुष्यभर गिअरची सवय आहे. सवय मोडते, गुडघा एकदा गेला की परत येत नाही. पहिले दोन-तीन रविवार सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर किंवा कोलशेतच्या बाजूला सकाळी लवकर सराव करू द्या, डावा पाय मागे घेऊन ठेवायची आठवण देत. सुरुवातीला डावा पाय क्लच समजून ब्रेकवर जोरात पडतो. तेवढं जपलं की पुढे अडचण येत नाही.

पण शोरूमवाला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो ते नक्की कुठलं, हे विचारून घ्या. दहा लाखांच्या आत बहुतेक ठिकाणी मिळतं ते एएमटी. गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचेच असतात, फक्त ते दाबायचं काम मोटर करते. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं, मायलेजही जात नाही. गिअर बदलताना हलका झोका बसतो, त्याची सवय होते. त्याचा खरा शत्रू म्हणजे गायमुखचा चढ आणि त्यावरची रांग. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर धरून ठेवली की क्लच घासतो, तापतो आणि वास येतो. माझ्याकडे लवकर क्लच गेलेल्या एएमटी गाड्या येतात, त्यातल्या बहुतेकांची सवय हीच असते. बाबांना एवढं एक वाक्य सांगून ठेवा: चढावर थांबलात की ब्रेक. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार या रांगेत जास्त सुखाचे, पण महाग. ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, हायवेवर छान चालतो. रोजच्या घोडबंदरसाठी मी तो सुचवत नाही.

इंधनाबद्दल बरेच जण सीएनजीचा आग्रह धरतात, म्हणून हिशोबच मांडतो. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरू. शहरात पेट्रोलवर १४ आणि सीएनजीवर २२ किलोमीटर पडतात असं धरू. महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,००० चालली तर पेट्रोलला साधारण ४४,५०० रुपये लागतील, सीएनजीला २२,००० च्या आत. वाचले साडेबावीस हजारांच्या आसपास. त्याच मॉडेलची कंपनी फिटेड सीएनजी गाडी नव्वद-पंचाण्णव हजारांनी महाग असते. म्हणजे चार वर्षांनी बरोबरी. बाबांचा वापर महिन्याला अडीचशे किलोमीटर असेल तर बरोबरीला आठ वर्षं जातील. त्यात पंपावरची रांग, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) आणि बऱ्याच गाड्यांत डिकी सिलिंडरने भरलेली. टाटाने दोन छोट्या सिलिंडरची रचना आणली, ह्युंदाईनेही एक्स्टरला तशी दिली, त्यामुळे डिकी वाचते. पण रांग काही वाचत नाही. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रोड टॅक्स कमी आहे हे खरं: दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलचा ११ टक्के, सीएनजीचा १ जुलै २०२५ पासून ८ टक्के. तरीही तुमच्या घरासाठी मी साधं पेट्रोल म्हणेन. सीएनजी ऐरोलीहून रोज लांब ऑफिसला गाडी नेणाऱ्याने घ्यावी.

डिझेलचा विचार नको. छोट्या-छोट्या फेऱ्यांत धुराचा फिल्टर नीट साफ होत नाही आणि तो खर्च मोठा असतो. इलेक्ट्रिक गाडी बाबांच्या वापराला खरं तर शोभते. जीएसटी ५ टक्के, महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ. पण हलणाऱ्या पॅलेटवर चार्जर लावता येत नाही, आणि सोसायटीच्या सामायिक पॉइंटसाठी नंबर लावत बसणं या वयात त्रासाचं. जमिनीवरची स्वतःची जागा आणि आपल्या मीटरवरून ओढलेली वायर असती तर माझं उत्तर वेगळं असतं.

आता नावं. पार्किंगची उंची १५५० असेल तर मी दोनच गाड्या दाखवेन: अमेझ सीव्हीटी आणि डिझायर एएमटी. सीव्हीटीमुळे अमेझ रांगेत मऊ चालते, डिकी मोठी आहे आणि सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना आहेत. डिझायरला २०२४ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, सर्व्हिस गावोगावी आहे, चिपळुणातही अडचण येणार नाही. दोन्हींत सीट खाली आहे, म्हणून निर्णय आईंच्या गुडघ्यावर सोडा. उंच पॅलेट मिळत असेल तर पंच आणि एक्स्टर, दोन्ही एएमटी. पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात बसणं सोपं जातं, आणि २०२१ साली तिला पाच तारे मिळाले आहेत. इंजिन तीन सिलिंडरचं, सिग्नलला उभी असताना थरथर जाणवते. एक्स्टरचं चार सिलिंडरचं, शांत. दोन्ही गाड्या बाबांनी एकाच दिवशी, एकामागून एक चालवाव्यात; आठवड्याच्या अंतराने चालवल्या की पहिलीचा अनुभव पुसट होतो. स्कोडा कायलॅकचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मला मनापासून आवडतो, भारत एनकॅपमध्येही तिने पाच तारे घेतलेत, पण ऑटोमॅटिक व्हेरिएंट तुमच्या बजेटच्या बाहेर जातो.

वॅगनआरचं काय, असं बाबा नक्की विचारतील. चढायला-उतरायला तिच्यासारखी गाडी नाही, वळायची त्रिज्या फक्त ४.७ मीटर, कुठल्याही गल्लीत जाते. पण २०२३ साली ग्लोबल एनकॅपमध्ये तिला एकच तारा मिळाला होता. तेव्हा दोन एअरबॅग होत्या, आता सहा आहेत. एअरबॅग वाढल्या म्हणजे सांगाडा मजबूत झाला असं होत नाही. फक्त ठाण्यात फिरायचं असतं तर मी मान डोलावली असती. मुंबई-गोवा महामार्गावर नातवाला घेऊन जाणाऱ्या घरासाठी माझं मन घेत नाही.

तुमच्या मनातल्या सनरूफबद्दल स्पष्ट सांगतो. ठाण्याच्या उन्हात तो वर्षातले आठ महिने झाकलेला राहतो. पावसाळ्यात पानांच्या कचऱ्याने त्याच्या पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडात उतरतं. तेच पैसे ऑटोमॅटिकला घाला. मागचा वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय), मागचा कॅमेरा आणि मागच्या तिन्ही जागांना तीन बिंदूंचा पट्टा, ही खरी यादी. मधल्या व्हेरिएंटमध्ये यातलं बहुतेक मिळतं, टॉप मॉडेलची गरज नसते.

आणि सुट्टीत सगळे मावावेत म्हणून मोठी गाडी घेऊ नका. चार माणसं आणि विमानातून आलेल्या बॅगा कुठल्याच दहा लाखांच्या गाडीत मावत नाहीत. विमानतळावरून मोठी टॅक्सी करा, गावाला सगळे मिळून जायचं असेल तर ड्रायव्हरसह मोठी गाडी भाड्याने घ्या. दोह्यात पेट्रोल इथल्या निम्म्या भावात मिळतं आणि रस्ते रुंद आहेत, त्यामुळे मोठी गाडी नेहमीची वाटू लागते. इथल्या पॅलेटवर आणि नौपाड्याच्या गल्ल्यांत ती बाबांच्या जिवावर येते.

पैशांबाबत एक गोष्ट आधी तपासा. तुम्ही पाहिलेले रिव्ह्यू २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचे असतील तर त्यातल्या किमती विसरा. त्या दिवसापासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन १८ टक्के जीएसटी झाला. दहा लाख ऑन रोड हवे असतील तर एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-विम्याआधीची किंमत, साडेआठ लाखांच्या आसपास शोधा. साडेआठ लाखांवर ११ टक्के, म्हणजे ९३,५०० रुपये रोड टॅक्स. त्यावर विमा, नोंदणी, फास्टॅग. कोटेशन व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर घेऊ नका. लेटरहेडवर, सहीसह, प्रत्येक रकमेची वेगळी ओळ असलेलं मागवा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. ॲक्सेसरीजचं पॅकेज सक्तीचं नसतं आणि विमा शोरूममधूनच घेण्याचीही सक्ती नाही. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात आरटीजीएसने. सेल्समनच्या वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही नको, तो कितीही गोड बोलला तरी.

आता नावाचं. गाडी बाबांच्या नावावर करा. तुमच्या नावावर घेता येत नाही असं नाही. भारतीय पासपोर्ट, पॅन आणि इथल्या पत्त्याचा पुरावा असला की नोंदणी होते. अडचण पुढे येते. फास्टॅगची केवायसी, ई-चलनाचा मेसेज, सगळं तुमच्या मोबाइलवर येणार आणि बाबा इथे ओटीपीसाठी फोन लावत बसणार. चार वर्षांनी गाडी विकायची झाली तर फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या सह्या लागतील. पण सगळ्यात महत्त्वाचं कारण विम्याचं आहे. मालक-चालकासाठीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीतल्या मालकाला, तो स्वतः गाडी चालवत असतानाच लागू होतो. गाडी तुमच्या नावावर आणि स्टिअरिंगवर बाबा, तर त्या कव्हरचा बाबांना काडीचा उपयोग नाही. जो रोज चालवणार त्याच्या नावावर गाडी असावी ती यासाठी. नोंदणी करतानाच नॉमिनी म्हणून आईंचं नाव घाला. तशी सोय २०२१ पासून आहे आणि पुढे घरातल्यांची फार धावपळ वाचते.

पैसे बाबांच्या खात्यात पाठवा आणि तिथूनच भरू द्या. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या भेटीवर त्यांना आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. एक साधं भेटपत्र लिहून ठेवा. पत्ता ठाण्याचा म्हणजे नंबर एमएच-०४ येईल. बहिणीच्या ऐरोलीच्या पत्त्यावर एमएच-४३ आला असता, करात काही फरक नाही. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने खरेदीच्या वेळीच घेतलेला आयकर, कापतात. बाबांनी रिटर्न भरलं की तो परत मिळतो, म्हणून पावतीवर पॅन बरोबर आहे का ते बघा.

बाबांचं लायसन्स हातात घेऊन त्यावरची तारीख वाचायला बहिणीला सांगा. या वयात ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. घरोघरी हे राहून जातं.

विम्याबद्दल आणखी थोडं, कारण लोक इथेच फसतात. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा सहसा एकच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांपुढची तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात झाड पडतं, क्लेम टाकायला जातात आणि कळतं की तो भाग वर्षापूर्वीच संपला. तुमच्या फोनमध्ये दरवर्षीची आठवण लावा, हे काम दोह्यातून उत्तम होतं. झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा-कपात नको म्हणून) आणि इंजिन प्रोटेक्शन दोन्ही घ्या. वंदना डेपोच्या परिसरात पाणी कसं साचतं हे ठाणेकराला सांगायला नको. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला गेलं की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. बाबांना सांगा: पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, टोइंगला फोन.

दसरा. त्या दिवशी शोरूममध्ये एकामागून एक डिलिव्हरी असतात, हार-पेढे आणि फोटोंच्या गर्दीत गाडी नीट तपासून देणारा माणूसच मिळत नाही. तपासणी नोंदणीच्या आधी व्हायला हवी. एकदा नाव चढलं की गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी यार्डात गाडी बघायची, चॅसिस नंबर लिहून घ्यायचा आणि मगच उरलेले पैसे भरायचे. निर्मितीचा महिना बघा, टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा आठवडा-वर्षाचा कोड बघा, सगळ्या काचांवरचं वर्ष एकच आहे ना ते बघा. बोनेट आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. रंग उन्हात तिरप्या नजरेने बघायचा, ट्यूबलाइटखाली नाही. एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा, खाली कुठे ऑइल टिपकतंय का बघा. स्पेअर व्हील, जॅक, दोन्ही चाव्या. बहिणीला जमत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर राहा. पूजा दसऱ्याला करा, त्याला कोण नाही म्हणतंय.

गाडी आल्यावर आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालली पाहिजे. पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, म्हणून आई-बाबा तुमच्याकडे दोन-तीन महिने येणार असतील तर बहिणीने गाडी फिरवायची जबाबदारी घ्यावी. सर्व्हिस किलोमीटरवर नाही, वर्षावर करा. कमी चालली तरी ऑइल जुनं होतंच. घाट उतरताना एएमटी मॅन्युअल मोडला घेऊन खालच्या गिअरमध्ये ठेवायची, हे चिपळूणच्या पहिल्या फेरीआधी बाबांना करून दाखवा.

आणि तुमच्या तीन आठवड्यांसाठी. तुमचं भारतीय लायसन्स चालू आहे का बघा. नसेल तर निघण्याआधी तिकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, तिकडच्या मूळ लायसन्ससोबत ते जवळ ठेवा, नाहीतर तुम्ही चालवत असताना विमा असून नसल्यासारखा. मुलांच्या कारसीट आणणार असाल तर त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातल्या कड्यांना थेट अडकणाऱ्या, आहेत का आणि पसंत केलेल्या व्हेरिएंटमध्ये मागे आयसोफिक्सचे अँकर दिलेत का, हे बुकिंगआधी विचारा. बहिणीच्या मुलालाही तशीच एक घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आजोबांच्या मांडीवर पुढे बसलेलं मूल मला रोज रस्त्यावर दिसतं आणि दर वेळी काळजात धस्स होतं.